पापनिवेदन: देवाला सगळे ठाऊक असताना ते माणसासमोर का सांगायचे?

निवडुंग

नमस्कार मंडळी. गेली नऊ वर्षे मी वसईत राहते आणि आमच्या शेजारचे कुटुंब कॅथलिक आहे. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात शेजारच्या काकी संध्याकाळी चांगले पातळ नेसून बाहेर पडल्या आणि तासाभराने परत आल्या. मी सहज विचारले तेव्हा म्हणाल्या, “कन्फेशनला गेले होते गं, रांग मोठी होती.” म्हणजे फादरांसमोर आपली पापे सांगून क्षमा मागण्याच्या विधीला, पापनिवेदनाला. त्या उंबऱ्यापाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. एरवी सतत कामाच्या लगबगीत असलेल्या त्या बाईंचा चेहरा मला त्या दिवशी फार निवांत दिसला, आणि तेव्हापासून काही प्रश्न मनात घोळत आहेत. त्यांना विचारायला संकोच वाटतो, म्हणून येथे विचारते. कुणाची श्रद्धा दुखावण्याचा हेतू नाही.

देव सर्वज्ञ आहे असे मानले, तर त्याला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्या माणसाच्या कानात सांगण्याचे कारण काय? दर वर्षी क्षमा मिळणारच असेल, तर पुन्हा चूक करणे सोपे होत नाही का? आणि एखाद्याने गंभीर गुन्हा सांगितला, तरी फादर कायम गप्प राहतात हे योग्य आहे का?

वाडीकर

निवडुंगताई, मी वसईचाच, जन्माने आणि श्रद्धेने कॅथलिक, पेशाने शिक्षक. आपण आस्थेने विचारले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे आमच्या धर्मशिक्षणातील उत्तर योहानच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात आहे. पुनरुत्थानानंतर येशू शिष्यांना म्हणतो की ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांना क्षमा झाली आहे. चर्च असे मानते की क्षमा देवच करतो, परंतु ती माणसाला माणसाच्या तोंडून ऐकू यावी अशी त्याची योजना आहे. धर्मगुरू तेथे स्वतःच्या अधिकाराने बसलेले नसतात, आणि त्यांनाही दुसऱ्या धर्मगुरूंसमोर गुडघे टेकावेच लागतात. 2014 च्या मार्चमध्ये पोप फ्रान्सिस सेंट पीटर्स बॅसिलिकामध्ये लोकांचे पापनिवेदन ऐकायला निघाले होते. ते आधी स्वतःच एका धर्मगुरूपुढे सर्वांदेखत गुडघे टेकून बसले, तेव्हाची छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली होती.

माझे पहिले पापनिवेदन वयाच्या आठव्या वर्षी झाले. पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे उपासनेत पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याच्या, आधी ते करावे लागते. सिस्टरांनी आम्हाला आदल्या दिवशी शांत बसून आठवायला सांगितले होते आणि मी वहीच्या कागदावर यादी केली होती: आईला खोटे बोललो, भावाचा चेंडू विहिरीत टाकला, मिस्साच्या (चर्चमधील उपासनेच्या) वेळी बोललो. तो कागद मुठीत इतका घामेजला की आत गेल्यावर अक्षरे वाचता येईनात. फादर जाळीपलीकडून हळूच म्हणाले, “कागद राहू दे, आठवेल ते सांग.” चेंडूचे मी सगळ्यात शेवटी सांगितले. प्रायश्चित्त म्हणून तीन वेळा ‘नमो मारिया’ म्हणायला सांगितले आणि वर म्हणाले, “भावाला चेंडूचे तूच सांग.” प्रार्थना दोन मिनिटांत झाली, पण भावाला सांगायला मला चार दिवस लागले.

जुनीपाने

इतिहासाची थोडी भर घालतो, कारण आज दिसणारी जाळीची खोली पहिल्यापासून तशीच असेल असा अनेकांचा समज असतो.

पहिल्या काही शतकांत खून, व्यभिचार, धर्मत्याग यांसारख्या मोठ्या पापांचे प्रायश्चित्त उघडपणे आणि बहुतांश ठिकाणी आयुष्यात एकदाच घेता येत असे. असे लोक उपासनेच्या वेळी वेगळे उभे राहत, आणि कित्येकदा वर्षानुवर्षांनी त्यांना पुन्हा समाजात घेतले जाई. एकच संधी असल्यामुळे पुष्कळ जण ती मरणाच्या दारापर्यंत पुढे ढकलत. साधारण सहाव्या शतकापासून आयर्लंडच्या मठवासीयांनी खासगी आणि पुन्हा पुन्हा करता येणारे पापनिवेदन रुजवले. कोणत्या पापाला किती उपवास याच्या पुस्तिकाही त्यांनी तयार केल्या. ती पद्धत त्यांच्याबरोबर युरोपभर गेली.

1215 मध्ये रोम येथील चौथ्या लॅटरन परिषदेने नियम केला की समजत्या वयाच्या प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे. त्याच नियमात असेही आहे की ऐकलेले पाप जो धर्मगुरू उघड करील त्याला पदावरून काढून कडक शिस्तीच्या मठात आजन्म प्रायश्चित्तासाठी ठेवावे. म्हणजे वार्षिक सक्ती आणि गुप्ततेची हमी या दोन गोष्टी एकाच वेळी, एकमेकींना बांधून आल्या. मला हे फार महत्त्वाचे वाटते, कारण गुप्ततेच्या हमीविना अशी सक्ती म्हणजे हेरगिरीच झाली असती.

जाळी तर आणखी पुढची. त्याआधी लोक चर्चमध्ये उघड्यावर धर्मगुरूंच्या आसनाजवळ गुडघे टेकत. मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनी मध्ये पडदी आणि जाळी असलेल्या आसनाचा पुरस्कार केला आणि 1577 च्या चर्चबांधणीविषयीच्या सूचनांत त्याची मापे-जागा ठरवून दिल्या. सांगणाऱ्याची ओळख लपावी एवढ्यासाठीच जाळी आली असे आपल्याला वाटते, परंतु स्त्रिया आणि धर्मगुरू यांच्यामध्ये अंतर राहावे आणि कुणाला संशयाला जागा मिळू नये, ही त्यामागची मोठी चिंता होती.

नगरी

मी अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रोटेस्टंट कुटुंबातला आहे. आमच्याकडे उपासनेत सर्वांनी मिळून पापकबुलीची प्रार्थना म्हणायची असते आणि बाकीचे देव आणि आपण यांच्यात राहते. वाडीकर यांच्याविषयी आदर राखून म्हणतो की मध्यस्थ ख्रिस्त एकच आहे, अशी शिकवण मी लहानपणापासून घेतली आहे, आणि मला आजही तीच पटते.

तरीही न्यायाने एक गोष्ट सांगायला हवी. मार्टिन ल्यूथरने पापनिवेदन मोडीत काढले असे सरसकट म्हटले जाते, ते बरोबर नाही. प्रत्येक पाप मोजून सांगण्याच्या सक्तीला त्याचा विरोध होता. खासगी पापनिवेदन मात्र त्याने मनापासून जपले आणि स्वतःही केले. याकोबाच्या पत्रातही आपली पापे एकमेकांजवळ कबूल करा असे आहे. आमच्या मंडळीत हे वचन वाचले जाते. आचरणात मात्र ते फारसे दिसत नाही, आणि माझे वडील गेल्यानंतरच्या वर्षात मला त्याची उणीव जाणवली.

दीपमाळ

मी कॅथलिक आहे आणि पुष्कळ वर्षांपासून पापनिवेदनाला गेलेले नाही. वरची सारी उत्तरे वाचताना मन अस्वस्थ झाले, म्हणून लिहिते.

कॉलेजात असताना मी एक गोष्ट सांगितली होती. ती सांगायला मला तीन आठवडे धीर गोळा करावा लागला होता. आत बसलेल्या फादरांचा आवाज चढला. त्यांनी मला जे विचारले ते रांगेतल्या पहिल्या दोन-तीन जणांनी ऐकले. बाहेर आले तेव्हा आमच्याच आळीतली एक बाई माझ्याकडे न बघता जपमाळेचे मणी मोजत होती, आणि तिने ऐकले आहे हे मला त्यावरूनच कळले. त्यानंतर मी रविवारी मिस्साला जाते, पण कम्युनियनला उठत नाही. बाकावरच्या लोकांना पुढे जायला वाट मिळावी म्हणून गुडघे बाजूला घेते आणि ते परत येईपर्यंत खाली बघत बसते. माणसाच्या तोंडून क्षमा ऐकू यावी ही योजना असेल, तर माणसाच्या तोंडून अपमान ऐकू आला त्याचे काय, हा माझा प्रश्न आहे.

वाडीकर

दीपमाळताई, जे झाले ते चूकच होते, आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2013 मध्ये धर्मगुरूंना लिहिले होते की पापनिवेदनाची जागा छळाची कोठडी होता कामा नये. ते लिहावे लागले, याचाच अर्थ आपल्यासारखे अनुभव अनेकांना आले होते. ज्यांनी रांगेत ऐकले त्यांच्यावरही चर्चच्या कायद्याने गुप्ततेचे बंधन आहे, हे मुद्दाम सांगतो. ते केवळ फादरांपुरते नसते.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितो. आमच्याकडे याला ‘कुमसार’ म्हणतात. शब्द पोर्तुगीजातून आला, पण इतका घरचा झाला आहे की माझ्या आजीला तो परका आहे हे सांगितले असते तर पटले नसते. डिसेंबरच्या 3 तारखेला सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त (सण) असते. त्याआधीच्या नोव्हेनाच्या, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, दिवसांत जुन्या गोव्यात पहाटेपासून कुमसाराला रांगा लागतात. आजी मला धरून न्यायची आणि मी लांब उभा राहायचो, कारण ती कानाने अधू होती आणि हळू बोलणे तिला जमत नसे. शेवटी एका फादरांनी तिला बागेच्या कडेला बाकावर बसवून तिथेच ऐकले.

भाषेचा मुद्दा येथे फार मोलाचा आहे. मिस्सा पूर्वी लॅटिनमध्ये होत असे आणि ती न समजताही लोक बसत. पण कुमसार न समजता ऐकता येत नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत येथे आलेल्या मिशनऱ्यांना कोंकणी-मराठी शिकावीच लागली, त्यामागे हे एक मोठे कारण होते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ओव्या रचल्या हे सर्वांना ठाऊक असते, परंतु त्यांनी कोंकणीचे व्याकरणही लिहिले आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये छापले गेले. माणसाचे सर्वांत खोलवरचे दुःख ऐकण्यासाठी त्याची भाषा शिकणे, हे चित्र मला आजही भारावून टाकते. त्याच काळात गोव्यात इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, जाच होता, हेही मी विसरत नाही.

कोर्टकाम

मी वकिली करते, त्यामुळे निवडुंग यांच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळते. तो सर्वांत अवघड आहे आणि त्यावर अजून कुणी बोललेले नाही.

चर्चच्या 1983 च्या कायदासंहितेनुसार धर्मगुरू शब्दाने, खुणेने, कोणत्याही कारणासाठी पाप उघड करू शकत नाही. थेट उघड केले तर तो त्याच क्षणी बहिष्कृत होतो. इतकेच नव्हे, तर ऐकलेल्या माहितीचा सांगणाऱ्याच्या विरोधात वापर करण्यासही त्याला मनाई आहे. अमेरिकेत 1813 मध्ये न्यूयॉर्कच्या एका खटल्यात फादर कोलमन यांनी चोरीचा माल परत कुणी आणून दिला हे सांगण्यास नकार दिला, आणि न्यायालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले. त्यानंतर तेथे अशा संरक्षणाचे कायदे झाले.

भारतात परिस्थिती निराळी आहे. आपल्या साक्षीपुराव्याच्या कायद्यात, 1872 च्या जुन्यात आणि आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही, पती-पत्नी आणि वकील-अशील यांच्यातील संवादाला संरक्षण आहे. धर्मगुरूंसाठी तशी स्वतंत्र तरतूद नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना द्यावी लागते, आणि धर्मगुरूंचा अपवाद त्यात केलेला नाही. ऑस्ट्रेलियात मुलांवरील लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने 2017 च्या अहवालात पापनिवेदनालाही सूट नको अशी शिफारस केली, आणि नंतर व्हिक्टोरिया व क्वीन्सलँड या राज्यांनी तसे कायदे केले. माझे स्पष्ट मत असे आहे की जेथे मूल धोक्यात आहे तेथे मौन पाळण्याचा अधिकार कुणालाच नसावा.

वाडीकर

आपले मत मी समजू शकतो, आणि या बाबतीत चर्चने लोकांचा विश्वास स्वतःच्या हातांनी गमावला आहे, हेही मान्य करतो. मुलांवरील अत्याचार दडपले गेले, ते प्रामुख्याने कचेऱ्यांत, पत्रव्यवहारात आणि बदल्यांच्या आदेशांत. त्याला पापनिवेदनाच्या गुप्ततेचे संरक्षण कधीच नव्हते आणि आजही नाही. कार्यालयात किंवा फोनवर कळलेली गोष्ट फादरांनी पोलिसांना सांगितलीच पाहिजे.

राहिला प्रश्न जाळीमागच्या शब्दांचा. जे सांगितले ते पोलिसांकडे जाईल असे ठरले, तर गुन्हेगार तेथे येणारच नाही, आणि ‘थांब, त्या मुलापासून दूर हो’ असे त्याला सांगणारा एकमेव माणूसही उरणार नाही. 2019 च्या व्हॅटिकनच्या टिपणीत म्हटले आहे की पोलिसांपुढे हजर होण्याची अट घालून क्षमा देता येत नाही. मात्र खरा पश्चात्ताप आणि सुधारण्याचा दृढ निश्चय नसेल तर क्षमा देताच येत नाही, आणि अत्याचाराला बळी पडलेली व्यक्ती पापनिवेदनात बोलली तर तिला तिचे हक्क आणि तक्रारीचे मार्ग समजावून सांगावेत, असेही त्यात आहे.

कोर्टकाम

बळी पडलेले मूल स्वतःच आत येऊन सांगते तेव्हा काय, हा माझा मुख्य मुद्दा आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलाला हक्क समजावून घरी पाठवणे मला पुरेसे वाटत नाही.

वाडीकर

तेथे फादरांनी मुलाला बाहेर येऊन पुन्हा बोलायला, आपल्या विश्वासातल्या मोठ्या माणसाजवळ न्यायला राजी करावे असे शिकवले जाते. तेवढे पुरते का, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. मी शिक्षक आहे, आणि वर्गातल्या एखाद्या मुलाने मला असे सांगितले तर मी त्याच दिवशी कळवीन.

कृष्णाकाठ

2018 च्या जुलैमध्ये राष्ट्रीय महिला आयोगाने चर्चमधील पापनिवेदन बंद करावे अशी शिफारस केली होती ना? तेव्हा केरळच्या कॅथलिक फादरांवर आरोप होते असे आठवते.

जुनीपाने

एक दुरुस्ती. शिफारस झाली होती हे खरे, परंतु ते आरोप कॅथलिकांहून वेगळ्या असलेल्या मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चच्या धर्मगुरूंवर होते. पापनिवेदनात सांगितलेल्या गोष्टीचा वापर करून एका विवाहितेला धमकावल्याचा आणि तिचे लैंगिक शोषण केल्याचा तो आरोप होता. कॅथलिक बिशपांनी, तेव्हाचे मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनीही, शिफारशीला विरोध केला. बंदीची मागणी मला चुकीची वाटते, पण त्या बाईंचे दुःख खरे आहे, आणि ज्यांचा विश्वास मोडला त्यांचे बोलणे आधी ऐकायला हवे होते.

कृष्णाकाठ

धन्यवाद. मी सांगलीकडचा जैन आहे. आमच्यात प्रतिक्रमण, म्हणजे झालेले दोष आठवून पश्चात्ताप करण्याचा विधी, असते आणि साधूंनी गुरूंसमोर केलेल्या दोषांच्या कथनाला आलोचना म्हणतात. गुरू ऐकून प्रायश्चित्त देतात. तेथेही न लपवता आणि मोठा दोष लहान करून न सांगता बोलणे हेच कठीण मानले आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायातही “ख्यापनेनानुतापेन तपसाध्ययनेन च” असे वचन येते, म्हणजे पाप करणारा ते उघड सांगून, पश्चात्तापाने, तपाने आणि अध्ययनाने मुक्त होतो. त्यात ‘ख्यापन’ सर्वांत आधी आले आहे. निवडुंग यांच्या पहिल्या प्रश्नाला त्यामुळे मी असे उत्तर देईन की सांगणे देवाच्या माहितीसाठी नसतेच, ते सांगणाऱ्यासाठी असते. मनात आपण पापाला नेहमी सौम्य नाव देतो, आणि तोंडाने बोलताना खरे नाव घ्यावे लागते.

मनमोकळे

मी नाशिकला समुपदेशक म्हणून काम करते. पापनिवेदन म्हणजे फुकटचे समुपदेशन, असे म्हणण्याची एक पद्धत पडली आहे, ती मला मान्य नाही. माझ्याकडे येणाऱ्याला मी क्षमा देऊ शकत नाही. मी त्याला समजून घेते, पण “तू मोकळा आहेस” असे म्हणण्याचा अधिकार मला नाही, आणि कित्येकांना नेमके तेच ऐकायचे असते.

उलट, धोक्याची बाजूही असते. काही माणसांना केलेल्या पापाची क्षमा मिळाली यावर विश्वासच बसत नाही. ती तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहतात. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांना 1522 मध्ये स्पेनमधील मानरेसा येथे हाच त्रास झाला होता. सारे लिहून काढून सांगितले तरी काहीतरी राहिले असे त्यांना वाटत राही, आणि जीव द्यावा इतका तो त्रास वाढला होता. अखेर मागच्या पापांचे निवेदन पुन्हा करायचे नाही असे त्यांनी ठरवले, तेव्हा ते सुटले. अशा माणसाला आज फादरांनी डॉक्टरांकडेही पाठवावे, अशी माझी विनंती आहे.

शेतबांध

निवडुंगताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे क्षमा मिळाल्याने चूक सोपी होते का, यावर माझा अनुभव सांगतो. मी वसई तालुक्यातला, आमची थोडी वाडी आहे, केळी आणि पानवेली होत्या. वडील गेल्यावर वाटणी झाली. धाकटा भाऊ आखाती देशात होता. त्या पावसाळ्यात बांध दुरुस्त करताना मी तो त्याच्या बाजूला सरकवला. फार नाही, दोन हात. पण लांबीभर दोन हात म्हणजे केळीची एक अख्खी ओळ.

सहा वर्षे मी त्या ओळीचे घड कापले. दर वर्षी पापनिवेदनाला गेलो आणि रागावलो, शिव्या दिल्या, हे सांगत आलो. सातव्या वर्षी सांगितले. फादर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “देव क्षमा करतो, पण ओळ तुझी होत नाही. ती परत करायची, आणि सहा वर्षांच्या घडांचे पैसेही.” मी म्हटले की भावाला कळले तर नाते तुटेल. ते म्हणाले, “कसे सांगायचे ते तू ठरव. परत करायचे की नाही हे ठरवायला तू मोकळा नाहीस.” भाऊ ईस्टरला आला तेव्हा मी त्याला बांधावर नेले आणि दोरी त्याच्या हातात दिली. दोन वर्षे तो माझ्याशी नीट बोलला नाही. त्यामुळे हे सोपे आहे असे कुणी म्हणाले की मला ती दोरी आठवते.

नगरी

शेतबांध, आपण हे येथे लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. पण पापनिवेदनातले असे उघड सांगितलेले चालते का?

शेतबांध

माझे मी सांगू शकतो. बंधन फादरांवर आहे. त्यांनी हे आयुष्यात कुणाला सांगितलेले नाही. माझ्या घरी जेवायला येत, भावाच्या शेजारी बसत, पण त्यांच्या नजरेतूनही कधी काही कळले नाही.

निवडुंग

सर्वांचे आभार. दुसऱ्या प्रश्नाबाबत माझा समज चुकीचा होता, हे मान्य करते. तिसऱ्या प्रश्नावर मी अजूनही कोर्टकाम यांच्या बाजूची आहे. काकींना मात्र आता विचारीन, संकोच गेला आहे.

दीपमाळताई, आपले उत्तर मी तीनदा वाचले. आपल्याला परत जावेसे वाटते का?

दीपमाळ

वाटते. पण त्याच चर्चमध्ये, त्याच जाळीपाशी, पाय उचलत नाही.

मांडवीकाठ

ताई, आपल्याच पॅरिशमध्ये (आपल्या भागातील चर्चमध्ये) गेले पाहिजे असे बंधन नाही. आपल्या पसंतीच्या कोणत्याही अधिकृत धर्मगुरूंकडे जाण्याचे स्वातंत्र्य चर्चच्या कायद्यानेच दिले आहे. जाळीही सक्तीची नाही. 1973 च्या सुधारित विधीनंतर समोरासमोर बसूनही बोलता येते. माझ्या आजीसारखे बाकावर बसूनही.

दीपमाळ

स्टेशनपलीकडच्या चर्चच्या फळ्यावर शनिवारी संध्याकाळच्या मिस्साआधी एक तास फादर बसतात असे लिहिलेले आज जाताना वाचले. सुरुवातीला “माझ्या शेवटच्या पापनिवेदनाला इतके दिवस झाले” असे म्हणायचे असते. मी मोजले, चोवीस वर्षे झाली. त्यापुढची प्रार्थना मला आठवत नाही.

वाडीकर

नाही आठवली तरी चालते. फादर एकेक ओळ सांगतात, आपण मागून म्हणायची. त्या चर्चमध्ये डावीकडच्या दाराजवळची जागा रांगेपासून बरीच लांब आहे, तेथे बाहेर काही ऐकू येत नाही. हे मी तेथे जातो म्हणून खात्रीने सांगतो.